मुरमावरचा

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक ट्रॉफी, जिच्यावर चेंडूला टेकवलेला एक सोनेरी पाय आहे. निवेदन करणारा मुलगा म्हणाला, "पुण्याच्या फुटबॉलमध्ये कधीही न चुकलेली एकच नजर आहे, ती म्हणजे आपल्या इस्माईलभाईंची." टाळ्या झाल्या. मीही मान तुकवून त्या स्वीकारल्या. घरी आल्यावर ती ट्रॉफी कपाटावर, बंद पडलेल्या रेडिओच्या मागे ठेवली. सून म्हणाली, "बाबा, समोर ठेवा ना." मी म्हटलं, तिथे धूळ बसते. तिला वाटलं, म्हाताऱ्याचा विनय. त्या मुलाचं वाक्य अक्षरशः खरं आहे, माझी नजर कधी चुकली नाही. आणि नेमक्या त्याच कारणाने मला त्या वाक्याची शिसारी येते. का येते, ते आता लिहून टाकतो. हे माहीत असलेला दुसरा माणूस म्हणजे माझे वडील, ते जाऊन फार वर्षं झाली.

आम्ही पिंजारी. मंडईच्या मागच्या गल्लीत खाली दुकान आणि वर दोन खोल्या, अशी आमची राहणी. अब्बा पहाटेची नमाज पढून पिंजण खाली उतरवायचे. छताला टांगलेली ती मोठी कमान, तिची आतड्याची तात, आणि तातीवर लाकडी मुठीचा ठोका. टण्-न्-न्, टण्-न्-न्. मंडईत भाजीच्या गाड्या लागायच्या आत आमच्या गल्लीला तो आवाज जाग आणायचा. शेजारचे सोनार म्हणायचे, "आमच्याकडे घड्याळ आहे, पण ते इस्माईलच्या बापाला विचारून चालतं." कापूस घरभर असायचा. भिंतींवर, अम्मीच्या केसांत, भातावर. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी खातानाही ताटावर एक हात आडवा धरून खायची आम्हाला सवय होती. पाहुणे चहावर साय आहे म्हणून खूश व्हायचे आणि मग ती साय जिभेवरून बोटाने काढत बसायचे. शुक्रवारी खिमा असे. त्या दिवशी मात्र अम्मी दुकानाचं दार लावून घ्यायला लावायची. "कापसाचा खिमा मला करता येत नाही," म्हणायची.

अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कापूस वाचता येत असे. गिऱ्हाईक जुनी गादी टाकून म्हणायचं, "यातला कापूस मेलाय हो, फेकून द्या." अब्बा कधीच हो म्हणत नसत. मूठभर काढून तातीवर घेत, उडवत, उजेडात धरत, आणि मगच बोलत. "पिंजल्याशिवाय कापसाला नाव ठेवू नये," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं वाक्य ते दुकानात पाण्याचा तांब्या घेऊन शिरणाऱ्या प्रत्येकावर ओरडत: "पाणी लांब! भिजला की कापूस नाही, दगड." ही दोन वाक्यं मी हजार वेळा ऐकली असतील. पहिलं मी विसरलो. दुसरं चांगलं लक्षात ठेवलं.

मी स्वतः बरा खेळायचो. लेफ्ट हाफ. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. त्या काळी गुडघा गेला म्हणजे गेलाच. हाडवैद्याने लेप दिला, अम्मीने दर्ग्यात चादर चढवली, आणि मी लंगडत लंगडत मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. कडेला बसणाऱ्याला फार लवकर अक्कल येते. कोणाचा पाय कुठे कच्चा आहे, कोण दमल्यावर खोटं लंगडतो, कोण चेंडू येण्याआधी मान वर करतो, हे मला दिसू लागलं. आणि दिसतं ते बोलून दाखवल्यावर लोक ऐकतात, हेही कळलं. त्यातूनच वागळे साहेबांशी गाठ पडली.

वागळे साहेब मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या संघाची निवड पाहायचे. त्या संघात शिरणं म्हणजे नुसता खेळ नव्हे. नोकरी, राहायला खोली, महिन्याचा पगार आणि देशभर प्रवास. आमच्याकडच्या पोरांच्या लेखी ती जन्नतच. साहेब वर्षातून एकदा पुण्याला येत, दोन दिवसांत दहा-बारा पोरं पाहत आणि एखाद्याला उचलत. बाकी वर्षभर त्यांना डोळे हवे होते, ते मी झालो. दर सामन्यानंतर मी त्यांना कार्ड टाकायचो. पोरांची पारख कशी करायची हे त्यांनी मला शिकवलं. ते पोरांना ओळीने उभं करत, सदरे काढायला लावत, अंगठ्याने पोटऱ्या दाबून पाहत. गाभण म्हैस घेणारा माणूससुद्धा आधी तिच्या पाठीवरून हात फिरवतो. साहेब तेवढंही करत नसत. "इस्माईल, दुय्यम लीगमधला गोल निम्मा धरायचा," ते म्हणत. "खेड्यातल्या संघाचा असेल, तर पाव. समोर कोण असतं त्यांच्या? खांब." मी हसायचो. मला वाटायचं, मी त्यांच्या बाजूला उभा आहे. खरं तर मीही दुय्यम लीगमधलाच एक गुडघा होतो.

साहेबांचा एक खास शब्द होता: मुरमावरचा. पुण्यातली मैदानं तेव्हा मुरमाची होती. त्यावर चेंडू उसळतो, पळतो, आणि चपळ पोरगा त्याचा फायदा घेतो. गवतावर चेंडू अडतो, पाय रुततो, तिथे त्या करामती चालत नाहीत. साहेब एखाद्या पोराला पाच मिनिटं पाहून म्हणत, "मुरमावरचा," आणि कागदावर काट मारत. मला तो शब्द इतका आवडला की मी तो गल्लीत, चहाच्या टपरीवर, अगदी अम्मीच्या भाकरीलाही लावू लागलो. अब्बा एकदा म्हणाले, "हा कसला शब्द? मुरमावर चाललेल्या माणसाचे पाय चांगले घट्ट असतात." मी म्हटलं, "अब्बा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

दत्तू म्हस्के विश्रांतवाडीकडचा. तेव्हा ती पुण्यात नव्हती, आळंदी रस्त्याला लागलेलं गाव होतं. घरी म्हशी होत्या. सकाळी सायकलला कॅन लावून तो दूध घालायला पेठांत यायचा आणि दुपारी तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळायचा. त्यांचा संघ शिंदे मास्तरांनी बांधला होता. ते गावातल्या शाळेत कवायत शिकवायचे. दत्तू अठराचा असेल. बूट त्याच्या आयुष्यात नव्हतेच. अनवाणी पाय, पंख्यासारखी पसरलेली बोटं, टाचांना भेगा. पहिल्यांदा त्याला पाहिलं त्या दिवशी त्याने तीन गोल केले आणि चौथा मुद्दाम मारला नाही, कारण समोरचा गोलकीपर रडायला लागला होता. सामना संपल्यावर मी त्याला बोलावलं आणि माझी नेहमीची शिकवणी चालू केली. डावीकडून वळताना खांदा आधी दिसतो, चेंडू फार पुढे टाकतोस, वगैरे. तो घाम पुसत ऐकत होता. मग सरळ म्हणाला, "दादा, तुमी बसून बगता, म्हून तुमाला समदं सोपं दिसतंय."

आजूबाजूची पोरं खो खो हसली. एकजण म्हणाला, "दत्तू, अरे त्यांना उभं राहता येत नाही, बसून नाही तर काय लोळून बघतील?" दत्तू लगेच ओशाळला. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरीही त्या रात्री कार्ड लिहिताना मी त्याचे तीन गोल निम्मे धरले नाहीत की पाव धरले नाहीत. एकच शब्द लिहिला: मुरमावरचा.

आठवड्याने साहेबांचं उत्तर आलं. "तुझ्या एका शब्दात सगळं आलं. शाबास. असाच लिहीत जा. पुढच्या वर्षी तुला इकडे माझ्या हाताखाली घेता येतं का पाहतो." ते कार्ड मी सदऱ्याच्या खिशात ठेवून इतके दिवस फिरलो की त्याचे कोपरे मऊ पडले. मुंबईला जायचं माझंही स्वप्न होतं. माझा पाय नाही, तर माझी नजर जाणार होती.

पण शिंदे मास्तर स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी परस्पर साहेबांना पत्र घातलं. साहेबांनी मला कळवलं: "तुझा तो मुरमावरचा पोरगा, त्याचा मास्तर फार मागे लागलाय. या खेपेला त्यालाही उभा कर, म्हणजे तोंड बंद होईल. चाचणी लष्कराच्या मैदानावर आहे, बूट सक्तीचे." पुण्यात हिरवं गवत असलेलं ते एकच मैदान.

चाचणीच्या तीन दिवस आधी दत्तू दूध घालून दुकानाशी आला. "दादा, गवत म्हंजी कसं असतंय, एकदा दाखवता का?" मी त्याला घेऊन गेलो, आणि मी का घेऊन गेलो हे मला आजही माहीत आहे. तो घसरलेला मला पाहायचा होता. सकाळ होती. माळी रबरी नळीने मैदानावर पाणी मारत होता. चाचणीच्या दिवशीही मारणार का, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, रोजच मारतो. दत्तूने चपला काढल्या, चेंडू खाली ठेवला आणि निघाला. त्याची ती पसरलेली बोटं ओल्या गवतात अशी रुतत होती की जणू तो जमीन धरून धरून पळत होता. मुरमावर त्याचा चेंडू पुढे पळायचा. इथे गवताने तो अडवून धरला आणि दत्तूला हवा तेव्हा परत दिला. तो एकदा डावीकडून वळला, आणि मी त्याला जी चूक सांगितली होती ती त्या वळणात नव्हती. ती चूक मुरमाची होती, त्याची नव्हती. चार-पाच मिनिटांत पहारेकरी ओरडत आला आणि आम्ही पळालो. सायकलवर बसताना दत्तू म्हणाला, "दादा, हितं तर पाय लागतच न्हाईत, चेंडू आपसूक जातोय!"

खिशातलं कार्ड मला टोचत होतं. तीन दिवसांनी साहेब हेच पाहणार होते आणि मग मला विचारणार होते, इस्माईल, हा मुरमावरचा?

बुटांचा प्रश्न होता. मास्तरांनी गावभर शोधूनही मिळाले नाहीत. मी म्हटलं, माझे देतो. मास्तरांनी माझे दोन्ही हात हातात धरले. माझे बूट दत्तूला लांबीला दोन बोटं मोठे होते. त्यावर उपाय माझ्याच घरात होता. चाचणीच्या सकाळी मी दुकानात जाऊन कापसाच्या ढिगात हात घातला. अब्बा पिंजण उतरवत होते. "कशाला?" त्यांनी विचारलं. दत्तूच्या बुटात भरायला, मी म्हणालो. अब्बांनी माझ्या हातातला कापूस काढून घेतला आणि दुसऱ्या ढिगातला दिला. "जुना घेऊ नकोस, टोचेल पोराला. हा नवा घे. कालच पिंजलाय."

तो नवा कापूस मी बुटांच्या टोकांत ठासला. हवा होता त्यापेक्षा जास्त ठासला. कापूस फार झाला तर पाणी जास्त धरेल, हे पिंजाऱ्याच्या घरात तिसऱ्या वर्षी कळतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्या लक्षात आलं नव्हतं. मळक्या पंच्याने तोंड पुसल्यासारखं ते आहे. लक्षात आलं होतं. ठासताना ओठ आवळलेले होते, हेही आठवतं.

दत्तूने बूट घातले आणि दोन उड्या मारल्या. "बसलं की!" म्हणाला. मैदान नुकतंच भिजवलेलं होतं. पहिली पाच मिनिटं तो बरा पळाला. मग पाणी आत गेलं. भिजून, आकसून कापसाचा दगड झाला. त्याचा पाय बुटात मागेपुढे सरकू लागला, चेंडूला लागायची वेळ आली की बूट एकीकडे आणि पाय दुसरीकडे. तो पडला. उठला. परत पडला. बाकीच्या पोरांना हसू येत होतं. मध्यंतरात तो लंगडत साहेबांसमोर गेला. "सायेब, बूट काढून खेळू का? येकदाच."

साहेब त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "अनवाणी खेळायचं तर गावी खेळ, बाबा. म्हशी आहेत ना तिथे बघायला?"

दत्तूने मग माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्याची पट्टी सोडून परत बांधत होतो. एका वाक्याचं काम होतं: साहेब, बुटात दोष आहे, मी याला गवतावर पाहिलंय. पट्टी सुटलेली नव्हती, तरी मी ती चांगली आवळून बांधली.

शेवटी साहेबांनी कागदावर काट मारली आणि माझ्या पाठीवर थाप दिली. "मुरमावरचा. तुझं बरोबर होतं." ती थाप मला अजून जाणवते. पाल अंगावर पडावी तशी.

दुसऱ्या दिवशी दत्तू दूध घालून दुकानात आला. बूट त्याने धुऊन, पुसून, नाड्या गुंडाळून आणले होते. सोबत एका तांब्यात चीक होता. "म्हस व्यालीया. आईनं दिलाय, खरवस करा म्हनली. तुमचं लई उपकार झालं." त्याची दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. अम्मीने गूळ, वेलची घालून खरवस केला. मी खाल्ला. चांगला झाला होता. मी दुसऱ्यांदाही मागून घेतला, हे लिहायला आज नको वाटतं, म्हणूनच लिहितो.

अब्बांनी खाल्ला नाही. ते दाराशी बूट घेऊन बसले होते. बोटाने उकरून त्यांनी टोकातला कापूस काढला. सुकून तो अक्रोडाएवढा, अक्रोडासारखाच कठीण झाला होता. त्यांनी तो अंगठ्यात आणि बोटात दाबला, उजेडात धरला. "हे पाण्यात गेलं होतं."

"मैदान ओलं होतं," मी म्हटलं.

"तुला ठाऊक होतं?"

मी ताटलीकडे पाहिलं. अब्बा उठले, तो गोळा त्यांनी पिंजणाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि कामाला लागले. त्यानंतर त्यांनी मला कधी कापूस बघायला दिला नाही. गिऱ्हाईक आलं, मी जवळ असलो, तरी म्हणायचे, "थांबा, मी बघतो." आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नव्हती. मुंबईला मात्र मी गेलो, साहेबांच्या हाताखाली सोळा वर्षं काढली, शेकडो पोरं उभी केली आणि काटली. पोरांच्या पोटऱ्याही मी साहेबांसारख्याच दाबत असे. लोक त्याला अनुभव म्हणायचे.

दत्तू परत चाचणीला आला नाही. दूध घालत राहिला. पुढे शहर त्यांच्या शेतावर आलं, जमिनीला भाव आला, म्हशींच्या गोठ्याच्या जागी चार मजले झाले. हे सगळं वाचणारे लोक मला म्हणतील, बरंच झालं की त्याचं! असं म्हणणाऱ्यांची मला माझ्याइतकीच किळस येते. त्याला इमारत हवी होती असं त्याने कधी कोणाला सांगितलं होतं?

त्या सत्काराला तोच प्रमुख पाहुणा होता. शाल त्यानेच घातली. माईकसमोर उभा राहून म्हणाला, "मी येक डाव मोठ्या चाचनीत खेळलो. बूट न्हवतं, तर इस्माईलभाईंनी सवताचं दिलं. त्यांनी काय कमी केलं न्हाई. पर गवतावर आपला पाय टिकंना. आमी मुरमावरचं मानूस!" सभागृह प्रेमाने हसलं. माझाच शब्द. सगळं आयुष्य त्याने तो आपल्या नावासारखा वापरला होता. आणि मी काय केलं? नारळ घेतला.

हे इथपर्यंत लिहून झालं आणि परवा कागद घेऊन मी विश्रांतवाडीला गेलो. गोठ्याच्या जागी आता गाड्या लावतात. तिथे एका खुर्चीवर दत्तू चपला काढून बसला होता. मी त्याला सगळं वाचून दाखवलं. कापूस, माळी, पट्टी, खरवस. त्याची सून चहा घेऊन आली तेव्हा त्याने हात आडवा केला. "त्यास्नी नगं." ती गोंधळून आत गेली.

मग तो म्हणाला, "शिंदे मास्तर मरस्तवर म्हनायचं, माझीच चूक, पोराला बुटाची सवय लावली न्हाई. त्यांना तरी सांगायचं व्हतं."

मी कागदांची घडी घातली.

"त्या सकाळी," तो आपल्या पायांकडे पाहत म्हणाला, "तुमी येकट्यानंच बगितलं मला. गवतावर. दुसऱ्या कुनीच न्हाई."

"हो."

"कसा व्हतो मी?"

मी सांगितलं. बोटं गवतात कशी रुतत होती, चेंडू कसा त्याच्याकडे परत येत होता, डावीकडचं ते वळण, जे मी नंतर सोळा वर्षांत एकाही पोराच्या पायात पाहिलं नाही. निम्मं धरलं नाही, पाव धरलं नाही. सगळं सांगितलं. दत्तूने डोळे मिटले होते. खुर्चीखाली त्याची बोटं फरशीवर पसरली होती.

मी थांबलो, तेव्हा डोळे न उघडता तो म्हणाला, "पुन्यांदा सांगा."